ब्रदर, सिस्टर आणि समर्पणाचं व्रत

हैदराबादेत काचीगुड्याहून गनफाउंड्रीची ऑल सेंट्स (स्थापना १८५५) आणि हैदरगुड्याची सेंट पॉल्स या शाळा जवळच. दोन्ही माँटफोर्ट ब्रदर्स या कॅथलिक व्रतस्थांच्या संस्थेच्या. या ब्रदरांना आपण ओळखतो, पण कॅथलिक श्रद्धेत त्यांनी केलेल्या समर्पणाबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत.

गैरसमज : ब्रदर म्हणजे फादर व्हायचा राहिलेला माणूस.
वस्तुस्थिती : ब्रदर होणं ही स्वतंत्र वाट आहे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं ब्रदर आणि सिस्टर घेतात. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करण्याचा अधिकार मात्र धर्मगुरूंचा, म्हणजे फादरांचाच. उलट, धर्मप्रांतातले फादर ब्रह्मचर्य पाळतात, बिशपांच्या आज्ञेत राहण्याचं वचन देतात, पण दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत.

गैरसमज : भावनेच्या भरात घर सोडलं की समर्पण झालं.
वस्तुस्थिती : आधी किमान एक वर्षाची नवदीक्षा (उमेदवारीचा काळ) असते. मग ठरावीक मुदतीची व्रतं, तीही निदान तीन वर्षं. त्यानंतरच आजन्म व्रतं. या काळात उमेदवार स्वतःला पारखतो आणि संस्था त्याला. पुढे पगार संस्थेच्या खात्यात जातो, आणि बदलीचा आदेश आला की जमलेलं काम, जोडलेली माणसं सोडून निघावं लागतं. आज्ञापालनाची कसोटी तिथे लागते.

गैरसमज : व्रत घेतलं की नागरिकाची कर्तव्यं संपतात.
वस्तुस्थिती : अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादर यांच्या पगारातून प्राप्तिकर कापू नये, कारण चर्चच्या धर्मकायद्यानुसार व्रतामुळे त्यांचा ‘नागरी मृत्यू’ होतो, असा युक्तिवाद झाला होता. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. पगार मिळतो, म्हणजे कर कापला जाणारच.

गैरसमज : मरियेला समर्पण म्हणजे मरियेची पूजा.
वस्तुस्थिती : माँटफोर्ट ब्रदर्स ज्यांना आपले संस्थापक मानतात, त्या संत लुई द माँटफोर्ट (१६७३–१७१६) यांनी मरियेच्या हातून येशूला समर्पण करायला शिकवलं. कॅथलिक श्रद्धेत आराधना फक्त देवाची. मरियेला मान आणि प्रार्थनेची विनंती. ३३ दिवसांच्या तयारीनंतर भाविक बाप्तिस्म्याची वचनंच नव्याने घेतात. हे समर्पण संसारी माणसांनाही करता येतं.

गैरसमज : समर्पण मोजक्या लोकांसाठी.
वस्तुस्थिती : कॅथलिक शिकवणुकीनुसार प्रत्येक ख्रिस्ती माणूस बाप्तिस्म्यातच देवाला अर्पण होतो. ब्रदर-सिस्टरांची व्रतं त्याच मुळातून फुटलेली. म्हणून जबाबदारीही सगळ्यांची : दुकानदाराने मापात खोट ठेवू नये, आईवडिलांनी मुलांना सचोटी शिकवावी, शेजारी आजारी असेल तर धावून जावं. व्रतस्थांनी हेच आयुष्यभरासाठी, मागे घर न ठेवता पत्करलेलं असतं. त्यांना द्यायचा खरा मान म्हणजे त्या व्रताचा अर्थ नीट समजून घेणं.