सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरून जहाजाने येणारे सिमेंट

महाराष्ट्रातील सिमेंटयोग्य चुनखडीचे मोठे साठे मुख्यतः चंद्रपूर-यवतमाळ भागात असून कोकणपट्टीत बेसॉल्ट आणि जांभ्याचेच प्राबल्य असल्यामुळे, मुंबई परिसराला सौराष्ट्राच्या चुनखडीसंपन्न किनाऱ्यावरून समुद्रमार्गे सिमेंट आणणे स्वाभाविकच ठरते. अंबुजा सिमेंटने १९९३ मध्ये कोडिनारजवळ मूळद्वारका येथे स्वतःचे बंदर सुरू केले आणि सुटे, म्हणजे गोणीत न भरलेले, सिमेंट जहाजाने पनवेल, सुरत येथील टर्मिनलांवर उतरवण्याची व्यवस्था उभी केली.

या जहाजांची खरी करामत तळाशी आहे. होल्डचा, म्हणजे माल साठवण्याच्या बंदिस्त कप्प्याचा, उतरता तळ सच्छिद्र कापडाने मढवलेला असतो. त्यातून खालून कोरडी हवा सोडली की कणांमधील घर्षण घटते, राखाडी भुकटी पाण्यासारखी वाहू लागते, उताराने एका जागी जमते आणि तेथून दाबलेल्या हवेच्या जोरावर नळांतून थेट किनाऱ्यावरील सायलोत, म्हणजे उंच बंद कोठारात, पोचते. ओलाव्याने सिमेंटच्या गाठी होत असल्याने झाकणे उघडून क्रेनने उपसण्यापेक्षा ही बंद पद्धत निःसंशय सरस आहे, शिवाय तिच्यामुळे धूळही फारशी उडत नाही. गोण्या भरण्याचे काम गिऱ्हाइकाजवळच्या टर्मिनलवर होते, तर तयार काँक्रीटच्या प्रकल्पांना सुटाच माल टँकरने जातो.