विश्लेषण : केसरबाईंची एकच भैरवी, पण आवृत्ती बदलली की आवाज का बदलतो?

कळंबा (ता. करवीर) : कळंबा तलावाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी अनेकांच्या कानांत इअरफोन असतात. जुने शास्त्रीय गाणेही आता मोबाइलवरच ऐकले जाते. सूरश्री केसरबाई केरकर यांचे नाव टाकून शोध घेतला, की त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी अनेक ठिकाणी मिळते. कुठे खरखर आहे, कुठे आवाज अगदी स्वच्छ आहे, कुठे सूर किंचित चढा वाटतो. गायिका तीच, गाणे तेच, मग फरक कसला? आणि ऐकण्यासाठी, शिकण्यासाठी यातली कोणती आवृत्ती निवडावी?

केसरबाईंचा कोल्हापूरशी संबंध काय?

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यातील केरी येथे झाला. आठव्या वर्षी त्या कोल्हापुरात आल्या आणि सुमारे आठ महिने अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिकल्या. पुढे रामकृष्णबुवा वझे आणि भास्करबुवा बखले यांचेही मार्गदर्शन त्यांना मिळाले. १९२१ मध्ये त्या अल्लादिया खाँ यांच्या रीतसर शिष्या झाल्या. अल्लादिया खाँ हे शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर दरबारचे गायक होते. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या गाण्याची एकही रेकॉर्ड निघाली नाही.

म्हणजेच खाँसाहेबांचे गाणे आज ऐकायचे, तर ते शिष्यांच्या गळ्यातूनच ऐकावे लागते. केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर आणि खाँसाहेबांच्या मुलांकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर यांची ध्वनिमुद्रणे म्हणूनच महत्त्वाची ठरतात. केसरबाईंच्या रेकॉर्ड आहेत त्याही तीन-साडेतीन मिनिटांच्या. इतक्या थोडक्या ऐवजाची नवी आवृत्ती काढताना हात चुकला, तर पुढच्या पिढीपर्यंत घराण्याचे चुकीचे चित्र पोहोचते. रेकॉर्ड ऐकून शिकणारा विद्यार्थी तर तेच खरे मानून चालतो.

मूळ रेकॉर्ड कशी होती?

ती होती ७८ फेऱ्यांची तबकडी, म्हणजे मिनिटाला ७८ वेळा फिरणारी. तिचा एक महत्त्वाचा घटक लाख. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन ते साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. तासभर रंगणारा राग गायकाला तेवढ्यात बसवावा लागे. लाखेत खनिजांची बारीक पूड मिसळलेली असल्याने सुई फिरताना खरखर होणारच. नवी कोरी तबकडीही थोडी आवाज करत असे. जड सुईखाली ती शेकडो वेळा वाजली, की तिचे चर झिजत.

त्यामुळे पहिला फरक पडतो तो नवी आवृत्ती कशावरून तयार केली यामुळे. कंपनीकडे जपलेला धातूचा साचा किंवा त्यावरून केलेली टेप वापरली तर निकाल चांगला येतो. संग्राहकाकडील स्वच्छ तबकडी वापरली तरी चालते. पण झिजलेल्या तबकडीवरून कॅसेट, कॅसेटवरून संगणक आणि तिथून मोबाइल असा प्रवास झाला असेल, तर प्रत्येक टप्प्यावर काही ना काही गळते. शेवटच्या फाइलवर ‘रिमास्टर’ लिहिल्याने गळलेले परत येत नाही.

दुसरा मुद्दा सुईचा. ७८च्या तबकडीचा चर एलपीच्या चरापेक्षा जवळपास तिप्पट रुंद असतो. एलपीच्या बारीक सुईने ती तबकडी वाजवली, तर सुई चराच्या तळाशी घासत जाते आणि खरखर वाढते. तिसरा मुद्दा आवाजाच्या समतोलाचा. रेकॉर्ड कापताना खर्जाचा भाग मुद्दाम दाबला जाई, वरचा भाग उचलला जाई आणि वाजवताना उलट प्रक्रिया करून तो सारखा केला जाई. हे प्रमाण किती असावे, याबाबत १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत कंपन्यांमध्ये एकवाक्यता नव्हती. आजच्या साध्या यंत्रावर जुनी तबकडी थेट वाजवली, तर आवाज कोंदट किंवा पातळ होऊ शकतो. तिथे दोष गायिकेचा नसतो, जुळवणीचा असतो.

अंतराळात गेलेली आवृत्ती कोणती?

केसरबाईंची हीच भैरवी १९७७ मध्ये ‘नासा’च्या व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीत समाविष्ट झाली. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांनी तिची शिफारस केली होती. पण रेकॉर्ड बाजारात मिळेना. अखेर अ‍ॅन ड्रुयन यांना न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, मागच्या बाजूला टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात तिच्या न उघडलेल्या तीन प्रती सापडल्या. व्हॉयेजर-२ हे २० ऑगस्टला आणि व्हॉयेजर-१ हे ५ सप्टेंबरला झेपावले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाईंचे निधन झाले.

सोनेरी तबकडीवर संगीताच्या २७ रचना आहेत. त्यात केसरबाईंची भैरवी ३ मिनिटे ३० सेकंदांची आहे. सुमारे दीड तासाचे संगीत मावावे म्हणून ही तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांसाठी कापली गेली, म्हणजे एलपीच्या निम्म्या वेगाने. वेग कमी केला की वेळ वाढतो, पण आवाजाचा वरचा, बारीक भाग टिपणे अवघड होते.

पृथ्वीवर या संग्रहाच्या आवृत्त्या नंतर निघाल्या. १९९२ मध्ये तो सीडीवर आला. २०१७ मध्ये ‘ओझ्मा रेकॉर्ड्स’ने तीन एलपींचा संच काढला. त्यासाठी लोकवर्गणीतून १३ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली होती. हा संच सोनेरी तबकडीवरून नव्हे, तर तिच्यासाठी तयार केलेल्या मूळ टेपवरून बनवला आहे. साहजिकच १६⅔च्या वेगाची मर्यादा त्याला लागू होत नाही. २०१८ मध्ये त्याला ग्रॅमी मिळाले, पण ते संचाच्या मांडणीसाठी आणि वेष्टनासाठी. मूळ रेकॉर्डची खरखर आणि मर्यादा मात्र टेपमध्येही उतरतात. उत्तम दर्जाचे पुनर्मुद्रण हातातला स्रोत नीट जपते, त्याच्या पलीकडचे काही निर्माण करत नाही.

वेग चुकला तर काय बिघडते?

पुनर्मुद्रणातली सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी लक्षात येणारी चूक ही आहे. ‘७८’ हा आकडा ठरलेला वाटतो, पण जुन्या तबकड्या प्रत्यक्षात नेमक्या त्याच वेगाने कापलेल्या असत असे नाही. त्या थोड्या कमी-जास्त वेगाच्याही असत. शिवाय वाजवणारे यंत्र जुने असेल तर तेही पुढे-मागे धावते. कॅसेटच्या बाबतीतही तेच.

हिशेब सोपा आहे. ७८ फेऱ्यांची तबकडी ८० फेऱ्यांनी वाजवली, तर वेग सुमारे अडीच टक्के वाढतो. तेवढ्याने सूर पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराच्या जवळजवळ निम्म्याने चढतो. सगळेच स्वर एकत्र चढत असल्याने गाणे बेसूर वाटत नाही. पण गायिकेची पट्टी बदलते, आवाजाचे वजन कमी होते, तान प्रत्यक्षापेक्षा जलद वाटते आणि तबल्याचा नाद आखूड होतो. केसरबाईंच्या गाण्याचा लौकिक भरदार, खुल्या आकारासाठी आणि लयीच्या संथ, डौलदार चालीसाठी आहे. नेमक्या याच दोन गोष्टींना चुकीचा वेग धक्का लावतो.

हा फरक मोबाइलवरही पकडता येतो. ३ मिनिटे ३० सेकंदांचे गाणे अडीच टक्के जलद वाजले, तर ते सुमारे ३ मिनिटे २५ सेकंदांत संपते. दोन आवृत्त्यांची लांबी बघताना सुरुवातीची-शेवटची रिकामी जागा सोडून पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंतची वेळ मोजावी. पाच सेकंदांचा फरक आला, तर दोन्हींतली एक आवृत्ती नक्कीच चुकीच्या वेगाची आहे. मोबाइलवर तानपुरा किंवा ट्यूनरचे अ‍ॅप असेल, तर दोन्हींचा षड्ज जुळवून पाहता येतो.

खरखर काढली की आवाज सुधारतो का?

थोडी काढली तर हो, सगळी काढली तर नाही. तडतड आणि टिचक्या हे क्षणभराचे आवाज असतात. ते संगणकावर वेगळे काढणे तुलनेने सोपे असते. सतत येणाऱ्या सुस्काऱ्यासारख्या आवाजाचे तसे नाही. तानपुऱ्याची जवारी, श्वास, शब्दांतले ‘स’ आणि ‘श’, तबल्याच्या चाटीचा टणत्कार हे सारे त्याच पट्ट्यात येतात. सुस्कारा पूर्ण पुसायला गेले, की तेही पुसले जातात.

जास्त सफाई केलेल्या आवृत्तीची ओळख पटकन होते. आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. दोन ओळींच्या मधल्या विरामात तानपुरा गायब होतो आणि गायिकेने सूर लावला की पुन्हा येतो. शेवटचा सूर विरत जाण्याऐवजी कापल्यासारखा थांबतो. थोडी खरखर ठेवलेल्या आवृत्तीत हे सारे शाबूत असते. कान दोन-तीन मिनिटांत खरखरीला सरावतो. नाहीसा झालेला तानपुरा मात्र कितीही ऐकले तरी सापडत नाही.

‘स्टिरिओ’ आणि ‘हाय-रेझ’ या शिक्क्यांचे काय?

७८च्या काळातल्या रेकॉर्ड मोनो, म्हणजे एकाच वाहिनीवरच्या. १९६०च्या दशकात जगभरच्या कंपन्यांनी अशा जुन्या मोनो रेकॉर्डना कृत्रिमरीत्या ‘स्टिरिओ’ बनवून विकले. एका बाजूला खर्ज, दुसऱ्या बाजूला बारीक आवाज, मध्ये घुमारा अशी ती युक्ती होती. आजही काही फाइलींत हा प्रकार आढळतो. ओळखण्यासाठी आधी एका कानाचा इअरफोन काढून ऐकावे, मग दुसऱ्याचा. दोन्हीकडे आवाज वेगळा आला, तर समजावे की मूळ रेकॉर्डवर कोणीतरी रंगरंगोटी केली आहे.

‘हाय-रेझ’चेही तसेच. जुनी तबकडी संगणकावर घेताना उच्च दर्जाचे मुद्रण उपयोगी पडते, कारण पुढे टिचक्या काढणे सोपे जाते. पण तबकडीच्या चरातच जे बारीक आवाज उतरले नाहीत, ते मोठ्या फाइलीत येणार कुठून? अशा गाण्यांत फाइल किती मोठी यापेक्षा स्रोत, सुई आणि वेग यांनी पडणारा फरक कितीतरी मोठा असतो.

मोबाइलवर तुलना कशी करावी?

आवाजाची पातळी समान करा. दोनपैकी जी आवृत्ती मोठ्याने वाजते, ती कानाला आपोआप चांगली वाटते. कंपन्याही नव्या आवृत्त्यांचा आवाज अनेकदा त्यासाठीच चढवतात. तसे करताना हळू आणि मोठ्या सुरांतला फरक दाबला जातो.

शांत जागा निवडा. गारगोटी रस्त्यावरच्या रहदारीत तानपुरा ऐकूच येणार नाही आणि चढ्या आवाजाची आवृत्ती उजवी वाटेल. पहाटे तलावाकाठी किंवा घरात ऐका. मोबाइलमधील ‘बास बूस्ट’, ‘सराउंड’सारख्या सोयी बंद ठेवा. पूर्ण गाणे आलटून पालटून ऐकण्यापेक्षा तीसएक सेकंदांचा एकच तुकडा दोन्ही आवृत्त्यांत ऐका. लक्ष चार ठिकाणी द्या : विरामातला तानपुरा, श्वास, तबल्याची चाट आणि शेवटच्या सुराची आस.

फाइलखालची माहितीही वाचा. ती कोणत्या तबकडीवरून घेतली, कोणत्या वेगाने, तबकडीचा क्रमांक काय, हे लिहिलेले असेल तर काम जबाबदारीने झाले असण्याची शक्यता जास्त. मुंबईची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था १९९० पासून अशा नोंदींचे काम करत आली आहे. तबकडीवरचा छोटासा क्रमांकही किती उपयोगी असतो, हे संग्राहकांच्या अशा कामामुळे कळते.

मग कोणती आवृत्ती ठेवावी?

सर्वांत नवी किंवा सर्वांत स्वच्छ आवृत्ती सर्वोत्तम असतेच असे नाही. जिचा वेग बरोबर आहे, जी मोनो आहे, जिच्यात थोडी खरखर पण पूर्ण तानपुरा आहे आणि जिचा स्रोत सांगितलेला आहे, ती ठेवावी. केवळ आनंदासाठी ऐकणाऱ्याला सौम्य सफाई केलेली आवृत्तीही चालेल. शिकणाऱ्याने मात्र वेग तपासल्याशिवाय कोणत्याही आवृत्तीवरून पट्टी, लय किंवा तानेची गती ठरवू नये.

आणि कोणाच्या घरी, माळ्यावर ७८च्या जुन्या तबकड्या असतील, तर त्या भंगारात देऊ नका. लाखेच्या तबकड्या ठिसूळ असतात. त्या आडव्या रचून न ठेवता उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर ठेवाव्यात आणि स्पिरिटने पुसू नयेत, कारण त्यात लाख विरघळते. एखाद्या गाण्याची उत्तम उरलेली प्रत कंपनीच्या गोदामात नसून अशाच एखाद्या घरात असू शकते. पुढची चांगली आवृत्ती निघेल ती तिच्यावरूनच.