बालवाडी आणि बालसंरक्षण : बागलाणातील शेतमजुरीच्या संदर्भात

सहा वर्षांखालील मुलांसाठी चालविलेल्या संस्थेकडे सामान्यतः प्राथमिक शाळेची पूर्वतयारी म्हणून पाहिले जाते. ही दृष्टी अपुरी आहे. मुलाला रोज पाहणारी, त्याचे वजन घेणारी आणि ते एक दिवस आले नाही तर घरी जाऊन विचारपूस करणारी व्यक्ती अशा संस्थेमुळे वस्तीत निर्माण होते. मूल कोणाच्या तरी दृष्टीसमोर असणे, हा बालसंरक्षणाचा प्राथमिक अर्थ होय.

नाशिक जिल्ह्यातील बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या सटाण्याच्या परिसरात या विधानाची प्रचीती येते. कांदा व डाळिंब ही येथील प्रमुख पिके असून पश्चिमेकडील साल्हेर-मुल्हेरच्या डोंगराळ भागात आदिवासी वस्ती आहे. उन्हाळ कांद्याची लागवड साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत आणि काढणी मार्च-एप्रिलमध्ये होते. रोपे लावणे, कांदे उपटणे, पात कापणे ही कामे मुख्यत्वे स्त्रियांच्या हातची असतात. माता सकाळी शेतात गेली म्हणजे तान्ह्या मुलापुढे दोनच पर्याय उरतात : बांधावरची झोळी, अथवा थोरल्या बहिणीची कड. पहिल्यात ऊन, सर्पदंश, फवारणीची औषधे, उघडी विहीर आणि प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा निसरडा उतार यांचे भय असते. दुसऱ्यात बहिणीची शाळा बुडते. एका मुलाचे संरक्षण दुसऱ्याच्या शिक्षणाच्या मोलाने विकत घ्यावे लागते.

हा पेच महाराष्ट्रात नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. गरीब वस्तीतील मुले मध्यवर्ती बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ ती हीच. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पाठच्या भावंडांना सांभाळावे लागते म्हणून मोठी मुले शाळेस मुकतात, हे ओळखून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर हे कार्य वाढले. मुलाच्या जीवनक्रमास संस्थेने जुळवून घ्यावे, हे या सर्व प्रयोगांचे समान सूत्र होते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव सर्वतोमुखी झाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एकाच केंद्रातून देणे, हे तिचे बलस्थान आहे. वजनाच्या नोंदीवरून कुपोषण वेळीच ध्यानात येते व उपचाराचा मार्ग खुला होतो.

तथापि नाव आले, तरी विकासवाडीतील पाळणाघराचे अंग मागे राहिले. अंगणवाडी दिवसाचे काही तासच भरते. मजुरी मात्र संध्याकाळपर्यंत चालते. शिवाय तीन वर्षांखालील मुलांचा आहार बहुधा घरी नेण्यासाठी दिला जातो, म्हणजे सर्वांत असहाय वयाचे मूल दिवसभर केंद्राबाहेरच असते. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यावर पाळणाघराचे बंधन घातले. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यानेही कामाच्या जागी लहान मुलांकडे पाहण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक सांगितली होती. खाजगी शेतावरील मजूर स्त्री या दोहोंच्या कक्षेबाहेर राहिली. २०२२ च्या ‘पाळणा’ योजनेतील अंगणवाडी-सह-पाळणाघराची कल्पना हीच उणीव भरू पाहते.

यास्तव अशा कार्यक्रमाचे मूल्यमापन केवळ पटावरील संख्येने करणे इष्ट नव्हे. कांदा काढणीच्या ऐन दिवसांत, दुपार टळल्यानंतर, दोन वर्षांचे मूल कोठे आहे व कोणाजवळ आहे, या प्रश्नाचे उत्तर हीच त्याची खरी कसोटी होय.