वीज पडल्यानंतरचा संगणक

वळवाच्या पावसांत जवळपास वीज कोसळली आणि घरचा संगणक मुका झाला, तर सारेंच जळालें असें समजून हताश होऊं नये. विजेचा लोट बहुधा दोन वाटांनीं आंत शिरतो: २३० व्होल्टच्या घरगुती जोडणींतून आणि इंटरनेटच्या तारेंतून. म्हणून पहिला संशय एसएमपीएसवर व दुसरा नेटवर्कच्या जोडणीवर घ्यावा.

प्रथम सर्व तारा काढाव्या. एसएमपीएसची पेटी मात्र उघडूं नये. प्लग काढल्यावरहि तिच्यांतील कपॅसिटरांत कांहीं काळ प्राणघातक विद्युद्भार राहूं शकतो. तिच्या जागीं खात्रीची दुसरी पेटी लावून केवळ मदरबोर्ड, प्रोसेसर आणि एक मेमरी एवढ्यावर यंत्र चालवून पाहावें. पडदा उजळला, तर एकेक भाग जोडीत जावें. ज्याच्या जोडणीनें यंत्र अडेल, तो दोषी. न उजळल्यास मदरबोर्डाचा संशय बळावतो. केवळ नेटवर्कची जोडणी जळाली असेल, तर स्वतंत्र कार्डानें काम भागतें.

हार्ड डिस्क सर्वांत शेवटीं जोडावी. इतर भाग बाजारांत मिळतात. तिच्यांतील कुटुंबाचीं छायाचित्रें मिळत नाहींत. त्यांची दुसरी प्रत आजच काढावी. आणि आभाळ भरून येतांच, गडगडाटापूर्वीं, दोन्ही तारा काढून ठेवाव्या.