बुडापेस्टमधली झेरॉक्स मशीन

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कम्युनिस्ट हंगेरीत झेरॉक्स मशीन मोजकीच होती आणि ती कुलपात ठेवली जात. कागदाची नक्कल कोणी काढायची, यावरही सत्तेची नजर असे. अशा देशात १९८४ साली गुंतवणूकदार जॉर्ज सोरोस यांनी हंगेरियन विज्ञान अकादमीशी करार करून आपला निधी सुरू केला. सोरोस मूळचे बुडापेस्टचे, जन्म १९३० चा. नाझींचा ताबा त्यांनी लहानपणी सोसला होता. सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धच्या १९५६ च्या उठावानंतर तुरुंगात गेलेले मिक्लोश वाशारहेयी यांना त्यांनी आपला प्रतिनिधी नेमले.

या निधीची रचना मला फार विलक्षण वाटते. डॉलर खर्चून परदेशातून झेरॉक्स मशीन आणायची आणि ती ग्रंथालये, विद्यापीठे, संशोधन संस्थांना द्यायची. या संस्थांकडे परकीय चलन नसे, पण फोरिंट, म्हणजे हंगेरीचे चलन, असे. मोबदला त्या संस्था फोरिंटमध्ये चुकता करत. त्याच फोरिंटमधून मग लेखकांना, संशोधकांना, लहान लहान गटांना अनुदाने दिली जात. म्हणजे एकाच रकमेने आधी छपाईचे कुलूप उघडले आणि मग देशातल्या देशात माणसे उभी केली! नकला काढणारे हात इतके वाढले, की प्रत्येकावर लक्ष ठेवणे सत्तेला जमेना.

पुढे शिष्यवृत्त्या आल्या. १९८९ मध्ये अशा शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेल्या एका तरुणाचे नाव होते विक्टोर ओर्बान. पुढे ते पंतप्रधान झाले आणि त्यांच्याच सरकारने २०१७ साली कायदा केला: वर्षाला ७२ लाख फोरिंटहून अधिक परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेने तशी नोंदणी करून ते जाहीर करावे. युरोपियन महासंघाच्या न्यायालयाने २०२० मध्ये हा कायदा महासंघाच्या नियमांविरुद्ध ठरवला आणि पुढच्या वर्षी तो मागे घेतला गेला. दरम्यान २०१८ मध्ये सोरोस यांच्या संस्थेने बुडापेस्टमधले कार्यालय बर्लिनला हलवले होते.

परदेशी पैशावर अवलंबून राहिलेल्या संस्थेला असा धोका कायम असतो. म्हणूनच हंगेरीतल्या १९९६ च्या एका कायद्याचे मोल मोठे आहे. करदाता आपल्या प्राप्तिकराचा १ टक्का कोणत्या संस्थेला द्यायचा हे स्वतः ठरवतो. विवरणपत्रासोबत त्या संस्थेचा कर-क्रमांक लिहिला की झाले. त्याच्या खिशातून वेगळे काहीच जात नाही. स्लोव्हाकिया, लिथुआनिया, पोलंड आणि रोमानिया यांनीही पुढे हीच वाट धरली.