दुबईची नोकरी आणि मनाचा आजार

आपल्या समाजातील काही घरांची मुले-नातवंडे आज दुबई, अबुधाबीस नोकरीला आहेत. त्यांपैकी कोणाला नैराश्यासारखा आजार झाला, की आम्ही वडीलधारी मंडळी पहिला सल्ला देतो, "साहेबाला कळू देऊ नकोस." ही भीती अगदीच खोटी नाही. तेथे राहण्याचा परवाना बहुधा नोकरीशीच बांधलेला असतो. तरीही कायदा ठाऊक असावा.

अमिरातीत १९८१ चा जुना कायदा जाऊन २०२३ चा मानसिक आरोग्य कायदा आला व मे २०२४ च्या अखेरीस लागू झाला. त्याप्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त राखावी लागते. केवळ आजारापायी कोणाच्या कामावर बंधन घालता येत नाही की त्याला कामावरून काढता येत नाही. त्यासाठी तज्ज्ञ वैद्यकीय समितीचा अहवाल लागतो.

आजारपणाची रजा २०२१ च्या कामगार कायद्यात आहे. प्रोबेशन संपल्यावर वर्षाला ९० दिवस मिळतात: पहिले १५ पूर्ण पगारी, पुढचे ३० अर्ध्या पगारी, उरलेले ४५ बिनपगारी. कामाच्या तीन दिवसांत मालकाला कळवून डॉक्टरचा दाखला द्यावा. रजेवर असताना काढता येत नाही. मात्र ९० दिवसांनंतरही रुजू होता आले नाही, तर सर्व हिशेब चुकता करून मालक नोकरी संपवू शकतो. दुबई व अबुधाबीच्या खास वित्तीय क्षेत्रांत आणि घरकामगारांसाठी कामगार कायदा निराळा आहे.

मग सांगावे का? काम नीट चालले असेल तर घाई नको. रजा किंवा कामाच्या वेळेत बदल हवा असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावे. मग गरजेपुरतेच, लेखी सांगावे आणि प्रत जपून ठेवावी. आजाराच्या नावापेक्षा काय सवलत हवी, यावर भर द्यावा. अन्याय झालाच, तर कामगार मंत्रालयाकडे तक्रार करता येते.

एक गोष्ट आपल्या हातची. झोपेच्या किंवा मानसोपचाराच्या गोळ्या पाहुण्यांच्या सामानातून पाठवू नका. त्यांतील कित्येक औषधांना तेथील सरकारची आगाऊ परवानगी लागते. नाहीतर नेणारा अडचणीत येतो. आणि "गोळ्या सोड, मन घट्ट कर" असे फोनवर सांगू नका. औषध कमी-जास्त करणे डॉक्टरांचे काम. ऐकून घेणे आपले.