किहीमच्या वाडीतून नाशिकच्या द्राक्षमळ्यात

किहीम येथील एका तरुण बागायतदाराने गेल्या हिवाळ्यात माझ्यापुढे एक प्रश्न ठेवला. त्याची नारळ-सुपारीची वाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. शेजारच्या दोन वाड्या विकल्या जाऊन तेथे मुंबईकरांचे बंगले उभे राहिले आहेत. २०२० साली भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाल्यापासून शनिवार-रविवारी त्याच्या कुंपणावरून मोटारींची रीघ लागते. तो म्हणाला, "साहेब, हीच माणसे नाशिकला वाइन चाखायला जातात. मग माझ्या वाडीत का येऊ नयेत? अर्धा एकर मोकळा केला आहे. द्राक्षे लावतो." रोपांचे दरपत्रकही त्याच्या खिशात होते.

"लावू नकोस" एवढे सांगून मला मोकळे होता आले असते. परंतु कानाने ऐकलेल्या सल्ल्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले शेतकऱ्याला अधिक पटते, हा आपणा सर्व विस्तार कार्यकर्त्यांचा अनुभव आहे. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यास, म्हणजे तिकडे तोडणीचा हंगाम भरात असताना, किहीम, चोंढी व आवास येथील अकरा बागायतदारांना घेऊन मी नाशिकला गेलो.

कसारा घाट चढताच हवा बदलली आणि निम्मे उत्तर तेथेच मिळाले. आपल्या अलिबागेस वर्षाकाठी २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. नाशिक शहराच्या परिसरात सुमारे ७०० मिलिमीटर. थंडीत निफाडकडे पारा कधी कधी ५ अंशांखाली उतरतो. आपल्या किनाऱ्यावर त्या दिवसांतही पंखा लागतो. द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व पावसाळा सरता-सरता गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर येणाऱ्या कोवळ्या फुटीवर पाऊस आणि दमट हवा आली की केवडा रोग बाग बसवितो. आपल्याकडे नेमक्या त्याच दिवसांत आभाळ भरलेले असते व हवेतील ओल तर पुढेही हटत नाही. नाशिकचा शेतकरीदेखील अवकाळी पावसाने मेटाकुटीस येतो. किहीमला फवारणीचा पंप खाली ठेवताच येणार नाही.

गंगापूर धरणाजवळच्या सुला वाइनरीत आम्ही प्रथम गेलो. राजीव सामंत यांनी १९९७ च्या सुमारास तेथे वाइनच्या द्राक्षांची लागवड केली व २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. त्यापूर्वी १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगाव येथे हा उद्योग उभारला होता. राज्य शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केल्यावर मात्र वाइनरींची संख्या झपाट्याने वाढली.

मळ्यात शेनिन ब्लांक जातीची तोडणी चालू होती. घड लहान, मणी बारीक, आत बिया. आमच्यापैकी एकाने मणी तोंडात टाकला आणि सालीकडे पाहून तोंड वाकडे केले. ही द्राक्षे खाण्याची नव्हेत. खाण्याच्या द्राक्षात साखर १८ अंश ब्रिक्सच्या आसपास आली की ती तोडतात. वाइनसाठी ती साधारण २२ ते २४ अंशांपर्यंत चढू देतात. मण्याचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर घेऊन हा आकडा वाचता येतो. ते यंत्र अकराही जणांनी डोळ्याला लावून पाहिले.

पुढची क्रिया आमच्या मंडळींना समजावून सांगण्यास माडीच कामी आली. पहाटे उतरविलेली नीरा गोड असते व दुपारपर्यंत ती आंबू लागते, हे किनाऱ्यावर कोणास सांगावे लागत नाही. यीस्ट हे सूक्ष्म जीव साखर खातात, तिचे अल्कोहोल करतात व वायू सोडतात. माडीत हे काम वाऱ्यावर सोडलेले असते. वाइनरीत ते पोलादी टाक्यांत, ठरावीक तापमानात, निवडलेल्या यीस्टकडून करवून घेतात. पांढरी वाइन साधारण १४ ते १८ अंशांवर सावकाश आंबवितात, म्हणजे फळाचा वास उडून जात नाही. तांबडीचा रंग सालीत असतो; म्हणून तिचा रस सालीसह आंबवितात. सालीबरोबर जिभेला आवळून धरणारा तुरटपणाही उतरतो.

आता आस्वादाविषयी. सुलाने २००५ साली आपला आस्वाद-कक्ष उघडला. येथे पिणे कमी व पारखणे अधिक, ही गोष्ट आमच्या मंडळींना प्रथम चमत्कारिक वाटली. पेल्याच्या तळाशी दोन-तीन घोट वाइन ओततात. पांढऱ्यापासून आरंभ करून तांबडीकडे जातात, कारण तुरट चव आधी घेतली तर नाजूक चव नंतर कळत नाही. प्रथम पांढऱ्या कागदावर पेला तिरपा धरून रंग पाहावयाचा. मग पेला गोल फिरवून वास घ्यावयाचा. मग लहान घोट तोंडात घोळवावयाचा. गिळावयाचा नसल्यास थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते व त्यात कोणी अपमान मानीत नाही. आमच्यातील एक वयस्क गृहस्थ माळकरी होते. त्यांनी एक थेंबही घेतला नाही. केवळ वास घेतला. तीस वर्षे खोबरेल काढून त्यांचे नाक तयार झालेले. दुसऱ्या पेल्याला ते म्हणाले, "यात पेरूसारखे काही आहे." माहिती देणारी मुलगी चकित झाली, कारण ती सोव्हिन्यों ब्लांक होती आणि त्या जातीच्या वासाची ओळख पेरूची उपमा देऊनच करून देण्याचा तिचा प्रघात होता.

मद्याच्या बाबतीत कायदा व आपली मने दोन्ही सांभाळावी लागतात. ज्यास घ्यावयाची नाही त्यास आग्रह नको व गाडी हाकणाऱ्याने तर हात लावू नये. परंतु तेथे विकले जात होते ते केवळ मद्य नव्हते, हे आमच्या लक्षात आले. पाहुणा मळ्यातून फिरतो, टाकीवर हात ठेवून तिचा गारवा पाहतो, जातीचे नाव शिकतो आणि मग चाखतो. जाताना जी बाटली नेतो ती त्याच्या ओळखीची झालेली असते. मधला विक्रेता नाही आणि दराची घासाघीसही नाही. आपल्या शहाळ्याच्या वाट्याला असे कधी येते काय? व्यापारी टेम्पो लावतो, नग मोजतो व निघून जातो.

परतीच्या दिवशी आम्ही एका करार शेतकऱ्याच्या मळ्यावर थांबलो. त्याचे बोलणे आमच्या तरुण मित्राने विशेष लक्ष देऊन ऐकले. २००८ सालच्या मंदीनंतर वाइनचा खप घसरला, तेव्हा अनेक मळ्यांतील माल वाइनरींनी उचलला नाही. ही द्राक्षे मंडईत कोणी घेत नाही आणि बेदाण्यासही ती सोयीची नाहीत. कित्येकांनी वेली उपटल्या किंवा त्यांच्यावर खाण्याच्या जातीचे कलम केले. "गिऱ्हाईक एकच असले म्हणजे त्याचा दरवाजा बंद झाला की आपणही बंद," असे तो म्हणाला. आता तो जात, ब्रिक्स व दर यांचा लेखी करार हाती आल्यावाचून छाटणीची कात्री उचलीत नाही.

बस इगतपुरी सोडून घाट उतरू लागली तेव्हा दरपत्रकाची गोष्ट कोणी काढली नाही. चर्चा चालली होती ती आपल्या वाडीत चाखण्याजोगे काय आहे याची. बाणवली नारळ व ठेंगू नारळ यांच्या शहाळ्यांचे पाणी शेजारी-शेजारी ठेवले तर फरक लहान मुलासही कळतो. कोकमाचे आगळ आहे. २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदा आहे, जो कच्चा खाल्ला तरी तिखट लागत नाही. नारळाच्या सावलीत दालचिनी, जायफळ व मिरी घेण्याची पद्धत दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने 'लाखी बाग' या नावाने पूर्वीच सांगून ठेवली आहे. पाहुण्यास झाडावरची दालचिनीची साल सोलून हुंगण्यास देता येते. माळकरी गृहस्थ म्हणाले, "आणि ताजे खोबरेल विसरू नका." जांभूळ, काजूबोंड, करवंद यांचीही वाइन होते, परंतु तिला उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि घरगुती प्रयोग म्हणून ती पाहुण्यांस देणे हा गुन्हा आहे, हे मी बसमध्येच स्पष्ट केले.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० सालचे असून त्याखालील नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. अशी सहल काढावयाची तर जानेवारी ते मार्च हाच काळ योग्य. पावसाळ्यात टाक्या दिसतील, पण तोडणी दिसणार नाही. सोबत न पिणारी दोन-चार माणसे जरूर न्यावीत.

त्या मोकळ्या अर्ध्या एकरात आता नारळाची रोपे आहेत, जून महिन्यात लावलेली. दोन ओळींच्या मध्ये दालचिनीची कलमे धरली आहेत व वईला कोकम. मे महिन्यात त्याने आपल्या पडवीत एक लांब बाक मांडून पाच वाट्यांचा आस्वाद ठेवला होता. पहिल्या रविवारी तीन कुटुंबे आली. कोणती वाटी आधी द्यावी यावरून त्याचा व त्याच्या आईचा वाद झाला. आई म्हणाली, आगळ शेवटी. ते जिभेला धरून बसते, त्यानंतर शहाळ्याचे पाणी नुसते पाण्यासारखे लागते. आईचे म्हणणे बरोबर होते.